नीटचं केंद्र पहिल्यांदा सांभाळताय? आधी घड्याळं तपासा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कुर्ल्याच्या तुमच्या ज्युनिअर कॉलेजला यंदा नीटचं, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं, केंद्र मिळालंय, ४८० मुलं आहेत, प्राचार्यांनी केंद्र अधीक्षक म्हणून तुमचं नाव कळवून टाकलंय आणि तुमचा अनुभव म्हणजे बारावी बोर्डाची पर्यवेक्षणाची चार वर्षं. दिवस सुरळीत जायला काय करावं आणि नेमकी कशाची भीती बाळगावी, असं तुम्ही विचारलंय.

मी मध्य मुंबईतल्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका होते. बोर्ड, स्कॉलरशिप, एमपीएससी आणि सहा वेळा नीट, एवढी केंद्रं सांभाळली. पहिल्या वेळी मलाही पेपरफुटीचीच भीती होती. ती भीती असावी, पण त्या पेट्या, ती कुलपं, ते कॅमेरे तुमच्या हातात फारसे नसतात. तुमच्या हातात असतात ती मुलांची मिनिटं. २०२५ पासूनचा पेपर बघा: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. तुमच्या केंद्रावर प्रश्नपत्रिकांचं पाकीट सात मिनिटं उशिरा फुटलं तर सात प्रश्न गेले, म्हणजे २८ गुण. एवढ्या गुणांत गुणवत्ता यादीत मूल कुठल्या कुठे जातं हे तुम्हाला सांगायला नको.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. २०२४ ला काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले गेले. त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी पुन्हा परीक्षा ठेवली. बसली ८१३. सगळ्या देशात गाजलेल्या त्या गोंधळाचा एक धागा काही केंद्रांवरच्या वाया गेलेल्या मिनिटांपर्यंत जातो.

म्हणून पहिलं काम घड्याळांचं. नीटला मुलाच्या हातात घड्याळ चालत नाही. भिंतीवरचं घड्याळ हे त्याचं एकमेव घड्याळ, आणि आपल्या शाळांमधली भिंतीवरची घड्याळं म्हणजे काय असतात ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या पहिल्या नीटच्या आदल्या शनिवारी मी मोबाईल हातात घेऊन एकेक वर्ग फिरले. अठरापैकी पाच घड्याळं बंद, एक अकरा मिनिटं पुढे (त्या वर्गशिक्षिकेने मुलं वेळेवर यावीत म्हणून मुद्दाम लावलेलं), दोन वर्गांत घड्याळच नाही, नुसता खिळा. शिपाईमामांना पिटाळून कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल सेलचा अख्खा बॉक्स आणला. तेव्हापासून नियम केला: शनिवारी सगळी घड्याळं एकाच मोबाईलवरून एकाच माणसाने लावायची, आणि रविवारी सकाळी त्याच माणसाने पुन्हा बघायची. रात्रीत बंद पडणारं एखादं निघतंच.

आणि घंटा. हा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते. आमच्या शाळेत विजेची घंटा, टायमरवर. तासाच्या घंटा आपोआप व्हायच्या. सुट्टीत, रविवारी ती रिकाम्या शाळेत वाजत राहायची, पण ऐकायला कोणी नसल्यामुळे ते कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या वर्षी परीक्षा संपायला दहा मिनिटं असताना शाळा सुटण्याची लांब घंटा झाली. मी जिन्यावर होते. दुसऱ्या मजल्यावर बाकं सरकल्याचा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. एका वर्गात पर्यवेक्षक बाईंनी ओएमआर (गोल भरायच्या उत्तरपत्रिका) गोळा करायला सुरुवातही केली होती, सहा हातात होत्या. एक मुलगी पेन खाली ठेवून डोळे पुसत होती. ओएमआर परत दिल्या, सगळ्या वर्गांत माणसं धावली, पण दीड-दोन मिनिटं गेली ती गेली. मनाने वेळ वाढवून देणं माझ्या अधिकारात नव्हतं. तिथल्या तिथे फोन केला आणि अहवालात जसं घडलं तसं लिहिलं. चूक पूर्णपणे माझी होती. तुमच्याकडे असा टायमर असेल तर शनिवारी नुसता बटणाने नाही, त्याचा प्लगच काढा आणि रविवारी पितळी टोल वापरा. टोल देणारा माणूस एकच, त्याच्या खिशात वेळांची चिठ्ठी, आणि तुमच्या खुणेशिवाय हात उचलायचा नाही.

आता माणसं. ४८० मुलं म्हणजे एका वर्गात २४ प्रमाणे २० वर्ग, वर्गाला दोन म्हणजे ४० पर्यवेक्षक. कागदावर सोपं आहे. पण ही परीक्षा येते मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आसपास, आणि मुंबईतल्या शिक्षकाला मे महिन्यात गाव असतं. निकालपत्रकं वाटली की कोकणकन्या गाठायची, तिकिटं दोन महिने आधी काढलेली. एप्रिलच्या शेवटी नोटीस लावाल तर हो म्हणणारे नवे, बिचारे, नाही म्हणता न येणारे असतात. मार्चच्या सुरुवातीलाच प्रत्येकाशी बोला, तिकीट कधीचं आहे ते विचारा. ४० लागत असतील तर ४६ जणांची यादी करा. सकाळी एकाच्या मुलाला ताप असतो, दुसरीची लोकल अडकते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना मी वर्गात कधी ठेवत नाही, ते फाटकावर किंवा कंट्रोल रूममध्ये. कोणाचं जवळचं नातेवाईक त्या दिवशी परीक्षेला बसतंय का हे लेखी घ्या. २१ जून २०२४ पासून सार्वजनिक परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा कायदा लागू आहे, तीन ते पाच वर्षांची कैद आहे त्यात. हे एकदा सर्वांसमोर शांतपणे वाचून दाखवलं की पुरे. रोज रोज धमकावलं की माणसं बिथरतात आणि बिथरलेला पर्यवेक्षक मुलांवर खेकसतो.

वर्ग निवडताना एक चूक हटकून होते. तळमजल्याच्या खोल्या सोयीच्या म्हणून प्राथमिक विभागाच्या घेतल्या जातात. तिथली बाकं तिसरी-चौथीच्या मुलांची. सतरा वर्षांच्या मुलाचे गुडघे त्यात मावत नाहीत, तो तीन तास तिरका बसतो. स्वतः बसून बघा. डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, ओएमआरचा गोल भरताना हात हलला तर ठिपका बाहेर जातो. पश्चिमेकडे खिडक्या असलेले वर्ग दुपारी तीननंतर बघा: दोन रांगांच्या थेट डोळ्यांवर ऊन येतं. पडदे नसतील तर काचांना कार्डशीट चिकटवा. पंखा बंद असलेल्या ठिकाणी बाक ठेवूच नका. मुंबईच्या मे महिन्यात घामाचा थेंब ओएमआरवर पडणं ही रोजची गोष्ट आहे. अपंग मुलांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र खोली आणि तिथले पर्यवेक्षकही वेगळे, कारण त्यांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. बाकीचं केंद्र पाचला सुटेल तेव्हा तिथे पेपर सहापर्यंत चालू असेल. पाच वाजता कॉरिडॉरमध्ये जो गलका होतो तो त्या खोलीपर्यंत पोहोचू नये, म्हणून मी ती खोली नेहमी मागच्या जिन्याकडे ठेवली.

पाण्याची टाकी शनिवारी रात्री भरून ठेवा. संडास-बाथरूम साफ करणाऱ्या मावशींना रविवारी दुपारीही थांबवा, त्यांचे पैसे वेगळे द्या.

जवळच्या पोलीस ठाण्याला पत्र देताना बंदोबस्ताबरोबर आवाजाचंही लिहा. मे महिना म्हणजे लग्नसराई. आजूबाजूच्या चाळीत, सोसायटीत हळद असते आणि दुपारपासून स्पीकर लागतो. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः आसपासच्या दोन-तीन मंडळांच्या पोरांना भेटायचे. 'दोन ते सहा एवढंच सांभाळा रे, डॉक्टरकीची परीक्षा आहे,' म्हटलं की ऐकतात. उलट मदतच करतात, एकदा तर त्यांनी पालकांसाठी ताडपत्री बांधून दिली. शाळेच्या मैदानावर रविवारी क्रिकेट खेळणाऱ्यांनाही आठवडाभर आधी सांगा. फाटक बंद बघून भिंतीवरून उड्या मारणारे तेच असतात, आणि परीक्षेच्या दिवशी भिंतीवरून कोणीही आत येणं म्हणजे किती मोठं प्रकरण होईल ते बघा.

फाटक. अकराला उघडतं, दीडला बंद. मधल्या अडीच तासांत ४८० मुलांची झडती, बायोमेट्रिक, कागद तपासणी. प्रवेशपत्रावर प्रत्येकाला यायची वेळ दिलेली असते, पण पालक तिकडे बघत नाहीत. बरेच जण साडेबाराच्या पुढे एकदम येतात. त्यात रविवार, मेगाब्लॉक. शनिवारीच मध्य, हार्बर आणि पश्चिम तिन्ही मार्गांचं पत्रक बघून ठेवा. पालकांचे फोन येतात, त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. केंद्राच्या नावात पूर्व की पश्चिम हा घोळ मुंबईत दरवर्षी होतो. कुर्ल्याला तर एका बाजूने दुसऱ्या बाजूला रिक्षाने यायचं म्हणजे दुपारच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल ते तुम्हीच सांगा. मी स्टेशनच्या दोन्ही तोंडांना साडेअकरापासून एकेक एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) मुलगा फलक देऊन उभा करायचे. सव्वा वाजता त्यातला एक रस्त्याने मागे चालत यायचा, वाटेत रेंगाळणाऱ्यांना पुढे काढत.

बैठक यादी एकाच फळ्यावर, छोट्या अक्षरात लावू नका. चारशे माणसं एका कागदासमोर गर्दी करतात आणि अर्धा तास तिथेच जातो. मोठ्या अक्षरात, तीन ठिकाणी, आसन क्रमांकांचे गट पाडून लावा.

बुटांचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. नियमात चपला-सँडल चालतात, बूट नाही. तरी दरवर्षी वीस-पंचवीस मुलं बूट घालून येतात. माझ्याकडे कपाटात हवाई चपलांचे दहा-बारा जोड असायचे, वेगवेगळ्या मापांचे. पंधरा सेकंदात प्रश्न मिटतो. नाहीतर ते मूल अनवाणी, रडवेलं होऊन वर जातं. मुलींची झडती बंदिस्त जागेत, फक्त बायकांनी, आणि तिथे तुमच्या विश्वासातली एक ज्येष्ठ बाई उभी हवीच. २०२२ ला केरळातल्या एका केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली, देशभर बोभाटा झाला आणि त्या मुलींसाठी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. झडती घेणारी माणसं बाहेरच्या एजन्सीची असली तरी फाटक तुमचं आहे. बुरखा, पगडी, मंगळसूत्र अशा गोष्टींवरून फाटकावर वाद होऊ देऊ नका. अशा मुलामुलींना लवकर बोलावलेलं असतं, तेव्हाच सबुरीने उरका.

दीड वाजता फाटक बंद म्हणजे बंद. पोलीस आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा निरीक्षक दोघे शेजारी उभे असताना, कॅमेऱ्यासमोर, मोठ्याने वेळ सांगून बंद करा. मग १ वाजून ३४ मिनिटांनी एक मुलगी धावत येते. येतेच. तिचे वडील तुमच्या पाया पडतात. तिला आत घेतलं तर ज्यांना दुसऱ्या केंद्रावर नाकारलं त्यांच्यावर अन्याय, आणि तुमची नोकरीही जाऊ शकते. पण म्हणून वॉचमनच्या तोंडून 'चला, निघा इथून' हे तिने ऐकायची गरज नाही. मी अशा वेळी एका जाणत्या शिक्षिकेला फाटकाबाहेर पाठवायचे, पाणी, खुर्ची देऊन. काही उपयोग होत नाही, पण त्या बापाला कोणीतरी माणसासारखं बोललेलं असतं.

आता सव्वा ते दोन. तुमचा खरा दिवस हा पाऊण तास. पेटी, कुलूप, सील हे सगळं निरीक्षकाच्या आणि कॅमेऱ्याच्या समोर. अलीकडे डिजिटल कुलपं असतात. उघडलं नाही तर स्वतः छिन्नी-हातोडा घेऊ नका, आधी शहर समन्वयकाला (शहरातली सगळी केंद्रं बघणाऱ्याला) फोन आणि वहीत वेळ. पाकिटं बाहेर आली की गडबड सुरू होते, आणि वर्ग व भाषा यांची अदलाबदल इथेच होते. नीट तेरा भाषांत असते, मराठीत पुस्तिका मागणारी मुलं आपल्याकडे असतातच. २०२४ ला राजस्थानात सवाई माधोपूरच्या एका केंद्रावर हिंदी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी पुस्तिका वाटल्या गेल्या, मुलं चिडून बाहेर पडली आणि त्याच दिवशी त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. याला माझा उपाय अगदी शाळकरी आहे. कंट्रोल रूमच्या लांब टेबलावर सकाळीच खडूने वीस चौकोन आखायचे, प्रत्येकात वर्ग क्रमांक, किती मुलं आणि कोणत्या भाषेची किती. पाकीट चौकोनात ठेवणारा एक, ओरडून वाचणारा दुसरा: 'वर्ग चौदा, मराठी, आठ!' वर्गात नेणारे दोघे-दोघे, एकटा कोणीही नाही. वर्गात पाकीट फोडताना पुन्हा मोठ्याने वाचायचं आणि सील शाबूत आहे म्हणून दोन मुलांच्या सह्या घ्यायच्या.

पुस्तिका पावणेदोनला वाटायच्या, दहा मिनिटं आधी सील फोडायला सांगून माहिती भरून घ्यायची. ओएमआर पुस्तिकेच्या आतच असते. पुस्तिकेवरचा कोड आणि ओएमआरवरचा कोड जुळतो का हे प्रत्येक मुलाने बघायचं. जुळत नसेल तर दोन्ही बदलायचं. पर्यवेक्षक घाईत नुसती ओएमआर बदलून देतात आणि मुलाचं सगळं गणित चुकतं. आदल्या दिवशीच्या बैठकीत हे मी तीनदा वदवून घ्यायचे, पहिलीच्या वर्गासारखं. कोणाला राग आला तर येऊ दे.

हजेरीपत्रकावर सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा असतो. शाई अंगठ्यावर, तोच अंगठा ओएमआरवर, आणि निळा डाग. प्रत्येक पर्यवेक्षकाच्या हातात शाईच्या पॅडबरोबर ओलं फडकं असलंच पाहिजे. मुलाला उठवायचं नाही, त्याच्या बाकाशी जायचं, तो प्रश्नाच्या मधे असेल तर दहा सेकंद थांबायचं.

एकदा दोनचा टोल झाला की तीन तास बहुतेक शांत जातात. पर्यवेक्षकांचे मोबाईल सकाळीच नावाची चिठ्ठी लावून कपाटात. पहिल्या तासात आणि शेवटच्या अर्ध्या तासात संडासला सोडायचं नसतं, पण मुलीला पाळी आली असेल, कोणाला उलटी होत असेल तर नियमपुस्तक उलटत बसू नका, बरोबर माणूस देऊन पाठवा, वेळ लिहा. चहा कंट्रोल रूममध्येच. कॉरिडॉरमध्ये कपबशा वाजल्या तर मी एरवी शांत बाई असूनही ओरडायचे.

पाचला ओएमआरची मूळ प्रत आणि कार्यालयीन प्रत दोन्ही घ्यायच्या, पुस्तिका मूल घरी नेऊ शकतं. उलटं करणारे निघतात: पुस्तिका ठेवून घेतली आणि ओएमआर मुलाबरोबर गेली. त्यामुळे आसन क्रमांकाच्या क्रमाने लावून, हजर अधिक गैरहजर चोवीस भरल्याशिवाय एकाही मुलाला दाराबाहेर सोडायचं नाही. दोन मिनिटं लागतात. एकदा मूल रस्त्यावर गेलं की ती ओएमआर शोधायला तुम्ही अंबरनाथ किंवा विरारपर्यंत जाणार.

दिवसभर एक वही जवळ ठेवा, आपली स्वतःची. घड्याळ बघून लिहा: वर्ग ९, पंखा बंद, २.२०, बाक हलवलं, २.२३. चूक झाली तरी लिहा, विशेषतः तेव्हाच. नंतर चौकशी आली तर ही वही उपयोगी पडते, आणि कोणाची मिनिटं गेली याचा तेवढाच पुरावा असतो. तुम्ही लिहिलं नाही तर मूल खोटं ठरतं.

सीलबंद सामान रवाना व्हायला संध्याकाळचे सात-आठ होतात. पण त्याआधी, सगळे अजून इमारतीत असतानाच, मानधनाच्या पावत्यांवर सह्या घ्या आणि शक्यतो पैसे तिथेच द्या, शिपाईमामा आणि मावशींना सर्वांत आधी. सोमवारी यातले निम्मे गावी गेलेले असतील, आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये तुम्हाला त्यांनाच विचारायचंय.